अकराचा चौदा कुणी केला?

"इंजिन म्हणजे तरी काय, शेवटी सांगाडाच," आत्या म्हणाली. "आणि सांगाड्यात कुठे बिघडलंय ते मी नाही सांगणार तर कोण सांगणार?"

हे ती ऐकवत होती आपल्या मोठ्या भावाला, इमारतीखालच्या पार्किंगमध्ये. दोघांच्या मध्ये तिची छोटी लाल गाडी, बॉनेट उघडं, आणि आत पेटलेला तो पिवळा दिवा. इंजिनाचं चित्र असलेला. तो लागला की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. आत्याच्या पोटात गोळाबिळा काही आला नव्हता. तिला राग आला होता.

आत्याने उभा जन्म हॉस्पिटलात एक्स-रे काढण्यात घालवला. माणूस विव्हळत यायचा, पाय मोडला म्हणायचा. डॉक्टर म्हणायचे, मुरगळला असेल. खरं काय ते आत्याच्या फोटोत दिसायचं. तेव्हापासून तिचा एक बाणा होता, की फोटो निघेपर्यंत कुणी निकाल द्यायचा नाही. निवृत्त झाल्यावर तिने ही गाडी घेतली आणि जी सुटली ती सुटलीच. तिला सगळी इमारत आत्या म्हणायची, कारण दादाची मुलं म्हणायची. एकटा दादा तेवढा अजून बेबी म्हणत होता. साठी उलटलेल्या बाईला बेबी म्हणणारा भाऊ वरच्याच मजल्यावर राहत असेल, तर आपली गाडी आपल्याकडे राखणं ही काय कसरत असते ते भोगणाऱ्यालाच कळतं.

"बेबी," दादा म्हणाला, "मी जन्मभर मोडक्या गाड्या बघितल्यात." हेही खोटं नव्हतं. दादा विम्याच्या कामात सर्व्हेअर होता. कुठे गाडी आपटली की हा जाऊन ती वाकून बघायचा, हम्म् करायचा आणि सही करायचा. "परवा हायवेवर गाडीने मान टाकली. तू अंधार पडल्यावर घरी आलीस. आता पुरे. दातांचे डॉक्टर गाडी घ्यायला तयार आहेत, रविवारी बघायला येतायत. तुला कुठे जायचं असेल तिथे मी सोडेन की माझ्या गाडीतून."

दादाच्या गाडीतून! दादा गाडी अशी चालवायचा की मागून येणारी बैलगाडीसुद्धा हॉर्न वाजवेल. शिवाय घरातून निघायच्या आधी चारही टायर, दोन्ही आरसे आणि आत बसलेल्यांचा स्वभाव, एवढं सगळं तपासायचा. त्याच्या मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसलेली आपण, हे चित्र आत्याच्या डोळ्यांसमोर आलं आणि तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणि दिवा विझला तर?" तिने विचारलं.

"विझला तर गाडी तुझी. मी जन्मात विषय काढणार नाही. पण तुझ्या त्या स्कॅनरने पुसून विझवलेला चालणार नाही. चक्कर मारून आल्यावरही विझलेला पाहिजे."

"कबूल."

"आणि तू स्वतः एक बोल्टसुद्धा खोलायचा नाहीस. बोट गेलं एखादं पंख्यात तर हॉस्पिटलात तुझाच फोटो काढावा लागेल. एक किल्ली माझ्याकडे राहील, दुसरी तुझ्याकडे. चौकापर्यंत चक्कर मारायची तर मार."

"कबूल," आत्या दुसऱ्यांदा म्हणाली. पहिलं कबूल तिने मनापासून म्हटलं होतं. दुसरं नुसतं तोंडाने.

तिच्याकडे एक छोटा स्कॅनर होता. स्टिअरिंगच्या खाली खोचायचा, की मोबाइलवर गाडीचं दुखणं आकड्यांत उमटतं. आकडा आला होता अकरा. आता अकरा म्हणजे काय, हे विचारायला ती गल्लीच्या टोकाच्या गॅरेजात गेली. तिथला मेकॅनिक एका व्हॅनखाली होता. त्याचे फक्त पाय दिसत होते. आजवर आत्याने त्याचा चेहरा जेवढा पाहिला होता त्याहून पाय जास्त पाहिले होते.

"अकरा का?" पाय म्हणाले. "आत्या, सोपं आहे. इंजिनाला श्वास घ्यायला झडपा असतात. त्या कधी उघडायच्या, थोडं आधी की थोडं नंतर, हे वेगाप्रमाणे बदलावं लागतं. ते बदलतं ऑइलच्या दाबाने. आणि ऑइल सोडायचं की अडवायचं हे ठरवतो एक बोटाएवढा व्हॉल्व्ह. अकरा म्हणजे हवा आत घेणारी झडप वेळेच्या आधीच उघडतेय. ऑइल कसंय?"

"नवीन घातलंय. पातळी बघितली. स्वच्छ आहे."

"मग गंमत बघा. तसे व्हॉल्व्ह दोन असतात. एक हवा आत घेणाऱ्या बाजूला, एक धूर बाहेर टाकणाऱ्या बाजूला. तुमच्या गाडीत दोन्ही अगदी जुळे. याला त्याच्या जागी बसवायचं, त्याला याच्या. स्कॅनरने तो आकडा, म्हणजे कोड, पुसायचा आणि चक्कर मारायची. चौदा हा धुराच्या बाजूचा आकडा. अकराचा चौदा झाला, तर आजार व्हॉल्व्हबरोबर पलीकडे गेला. म्हणजे व्हॉल्व्ह खराब. नवा टाकला की विषय संपला."

"आणि अकराच राहिला तर?"

व्हॅनखाली पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. "तर व्हॉल्व्ह निर्दोष. मग आतली चेन ओढली गेलीय. सगळं इंजिन खोलावं लागेल. पण मला रविवारपर्यंत मान वर करायला वेळ नाही, तुम्ही बघताच आहात."

मान कुठे दिसत होती, पण आत्याला जे हवं होतं ते मिळालं होतं. अकराचा चौदा झाला की गाडी आपली. ती घरी येताना जिना दोन दोन पायऱ्या चढत होती, गुडघ्यांनी काय म्हणायचं ते म्हटलं तरी.

दुपारी दादा वामकुक्षीला गेला की वरच्या मजल्यावरून घोरण्याचा आवाज यायचा, आणि तो आला की एक तास जगबुडी झाली तरी हा माणूस उठणार नाही, हे आत्या लहानपणापासून जाणून होती. तिने जिन्याखालच्या कपाटातून इमारतीच्या हत्यारांचा डबा काढला, त्यातला दहा नंबरचा पाना घेतला आणि कामाला लागली. वायरींचे दोन प्लग काढले, दोन बोल्ट काढले, दोन व्हॉल्व्ह बाहेर. हातावर तेलाचे ओघळ. दोघांची अदलाबदल, बोल्ट परत जागेवर. कोड पुसला. पाना डब्यात, डबा कपाटात, आणि आत्या घरात साबणाने हात घासत, कुणाला सांगणार नाही असं चेहऱ्यावर लिहिलेलं. वहिनीला सांगावंसं वाटलं होतं. पण वहिनी पडली दादाची बायको, आणि नवऱ्यासमोर तिच्या पोटात काही राहत नाही अशी आत्याची ठाम समजूत होती. चक्कर उद्या सकाळी मारू, इंजिन थंड असताना, असं तिने ठरवलं.

आता आत्याला जे ठाऊक नव्हतं ते तुम्हाला इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढचा गोंधळ डोक्यावरून जाईल. वहिनीच्या पोटात पुष्कळ काही राहत होतं. गेले कित्येक महिने ती आणि आत्या भाजी आणायला म्हणून जायच्या, ते सरळ गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर. तिथे आत्या बाजूला बसायची आणि वहिनी गाडी शिकायची. दादाच्या गाडीत बत्तीस वर्षं तिने उजवीकडच्या सीटला हातही लावला नव्हता. शिकाऊ परवाना तिच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली होता. ही लाल गाडी गेली असती तर आत्याचे पाय गेले असते, हे खरं. पण वहिनीचे तर फुटायच्या आधीच गेले असते.

म्हणून वहिनीही गॅरेजात जाऊन आली होती. पाय तिलाही तेच बोलले. तो मेकॅनिक कुणी आजार विचारला की त्याच शब्दांत तोच उपाय सांगायचा, माणूस कोण हे बघायला तो व्हॅनखालून बाहेर कुठे येत होता! वहिनीने विचार केला, वन्संनी यांना शब्द दिलाय, त्या काही बोल्ट खोलायच्या नाहीत, शब्दाच्या पक्क्या. मग हे मलाच केलं पाहिजे. आणि त्यांना सांगायचं नाही, म्हणजे त्यांचा शब्दही मोडणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे दूध घ्यायला म्हणून वहिनी खाली उतरली. दादाच्या खिळ्यावरची किल्ली, कपाटातला डबा, दहा नंबरचा पाना. दोन व्हॉल्व्ह बाहेर, दोघांची अदलाबदल, परत आत. म्हणजे आत्याने जे उलटं केलं होतं ते वहिनीने सुलटं करून ठेवलं. हे दोघींपैकी एकीलाही माहीत नाही.

सकाळी आत्या चौकापर्यंत गेली, चौकातून परत आली. दिवा पिवळाधमक. मोबाइलवर आकडा आला.

अकरा.

आत्या स्टिअरिंग धरून नुसती बसून राहिली. तिने पुन्हा स्कॅनर काढला, पुन्हा खोचला. अकरा म्हणजे अकराच. बाहेर लोक जात होते, येत होते, कुणाला काय पडलं होतं. तिला कधी नव्हे ते रडू आलं. मग तिने डोळे पुसले, आरशात बघितलं आणि स्वतःलाच म्हणाली, "फोटो हलला असेल. परत काढायचा."

गॅरेजातल्या पायांनी मात्र चेन जाहीर केली. "अकरा राहिला ना? मग झालं. इंजिन खोलायचं. जुनी गाडी, आत्या, कुठे खर्चात पडता."

"गाडी जुनी आहे, मेलेली नाही," आत्या म्हणाली. "अजून एक चक्कर मारल्याशिवाय मी मानणार नाही."

"मारा चक्कर. चेन काय चकरा मारून आवळत नाही."

वहिनीलाही तिच्या परीने कळलंच. आत्याचा चेहरा बघून तिने ताडलं, की आकडा बदललेला नाही. आपण केलेली अदलाबदल फुकट गेली, चेनच गेली, असं म्हणून ती बिचारी कपडे वाळत घालता घालता मुसमुसली. दादाने विचारलं, काय झालं? ती म्हणाली, साबण गेला डोळ्यात.

आणि दादा? दादा संध्याकाळी फिरायला म्हणून गॅरेजवरून गेला आणि चेनचं ऐकून आला. दादाला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. तो बराच वेळ आत्याच्या गाडीभोवती घिरट्या घालत राहिला, आणि जेवताना त्याने आमटी दोनदा मागितली, दोन्ही वेळा तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी आत्या हट्टाने परत चक्कर मारायला निघाली. अदलाबदल परत करायची तिची तयारी होती, पण आधी कोड पुसून नुसतीच एक चक्कर, तुलनेसाठी. गाडीला हात लावलेला नाही, काही नाही. चौकातून वळली, परत आली, आकडा बघितला.

चौदा.

आत्याने चष्मा काढला, पुसला, घातला. चौदा. काल उलटसुलट करून ढिम्म न हललेला आजार आज आपण झोपलेलो असताना चालत पलीकडे गेला होता.

ती तशीच गॅरेजात. "चौदा आला."

"परत अदलाबदल केलीत?"

"हात लावला नाही."

आणि त्या दिवशी आत्याने मेकॅनिकचा चेहरा पाहिला. तो व्हॅनखालून बाहेर आला, उठून बसला, डोकं खाजवलं. "असं होत नाही," तो म्हणाला.

"झालंय."

"मग दोन्ही व्हॉल्व्ह गेले असतील. नाहीतर वायरिंग. नाहीतर कॉम्प्युटर. नाहीतर..." तो थांबला. "आत्या, गाडीला कुणी हात तर लावत नाही ना?"

आत्या म्हणाली, "आमच्याकडे कोण हात लावणार? माझा भाऊ गाडीला हात लावायच्या आधी हातमोजे घालतो आणि वहिनीला स्क्रू कुठला आणि खिळा कुठला कळत नाही."

माणसाने घरच्यांबद्दल इतक्या ठामपणे बोलू नये. पण आत्या बोलली, आणि मग घरी येऊन विचारात पडली. एक्स-रे काढताना कधी कधी फोटोत अंगात नसलेलं हाड दिसायचं. तेव्हा ती कधी भूत म्हणाली नाही. ती म्हणायची, टेबलावर कुणीतरी काहीतरी ठेवलंय. इथेही कुणीतरी काहीतरी केलं होतं. आणि उद्या रविवार. उद्या दातांचे डॉक्टर येणार. तोवर सगळं होतं तसं करून ठेवायचं, नाहीतर आपण बोल्ट खोलला हे उघडं पडणार आणि शब्द मोडला म्हणून दादा गाडी तशीच देऊन टाकणार.

म्हणून रविवारी उजाडता उजाडता आत्या पाना घेऊन खाली आली. बॉनेट उघडणार तोच जिन्यात पावलं वाजली. ती चटकन गाडीच्या मागच्या सीटवर आडवी झाली आणि तिथली जुनी शाल अंगावर ओढून घेतली.

पावलं थांबली. बॉनेट उघडल्याचा आवाज आला. मग कुणीतरी धापा टाकत काहीतरी धातूचं धातूवर घासायला लागलं. आत्याने शालीतून डोकं वर काढलं. समोर वहिनी, पदर खोचलेला, हातात चहाचं पातेलं उतरवायची पक्कड.

"वहिनी?"

वहिनीच्या हातातून पक्कड पडली ती थेट बॅटरीच्या बाजूच्या खोबणीत. "वन्सं! तुम्ही?"

"तू काय करतेस?"

"होतं तसं करून ठेवतेय," वहिनी म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "डब्यात पाना नव्हता म्हणून ही आणली. मी त्या दिवशी ते दोन व्हॉल्व्ह बदलले होते. तुमच्यासाठी. मला वाटलं, तुम्ही शब्द दिलाय, तुम्ही करणार नाही."

आत्या दारातून अर्धी बाहेर आली होती, तिथेच थांबली. "कधी बदललेस?"

"परवा पहाटे."

"मी आदल्या दुपारी बदलले होते."

ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या बायका खूप असतात, पण या दोघींनी एकाच ताकाला जाऊन एकमेकींपासून भांडं लपवलं होतं. आधी वहिनीच्या ओठांचा कोपरा हलला. मग आत्याने तोंडावर शाल दाबून धरली. हसण्याचा आवाज वर जाऊ नये म्हणून त्या एकमेकींचे दंड घट्ट धरून हसत होत्या, आणि तेवढ्यात जिन्यात पुन्हा पावलं वाजली. चपलांची. सावकाश, एकेक पायरी तपासत उतरणारी.

दोघी गाडीमागे खाली बसल्या.

दादा आला. डोक्याला टॉर्चची पट्टी, हातात खरंच हातमोजे, बगलेत स्वतःचा पान्यांचा संच. बॉनेट उघडंच आहे हे बघून त्याने इकडेतिकडे पाहिलं, हम्म् केलं आणि वाकला. बराच वेळ खुडबुड. मग पुटपुटणं. मग पाना निसटल्याचा आवाज आणि दादाने क्वचितच वापरलेला एक शब्द.

गाडीमागून वहिनीला राहवलं नाही. "अहो, आधी प्लग काढा. बोल्ट नंतर."

दादाचं डोकं बॉनेटला आपटलं.

मग जे झालं त्यात कोण कुणाला काय बोललं याचा हिशोब लागत नव्हता, कारण तिघंही एकाच वेळी बोलत होते. आत्या म्हणत होती, तू माझ्या गाडीला हात लावलासच कसा. दादा म्हणत होता, तू शब्द दिला होतास. वहिनी म्हणत होती, हळू बोला, लोक उठतील. शेवटी दादाने हातमोजे काढले आणि बॅटरीवर ठेवले.

"त्या पायांनी मला सांगितलं, अकराच राहिला म्हणून," तो म्हणाला. "मला वाटलं, बेबीने अदलाबदल नीट केलीच नसेल. तिला पाना कुठल्या बाजूला फिरवायचा तेही कळत नाही. चेन खरंच गेलीय की नाही हे स्वतः बघितल्याशिवाय मी गाडी दुसऱ्याच्या गळ्यात कशी मारू? जन्मात न बघता सही केली नाही. म्हणून त्याच रात्री तुम्ही दोघी झोपल्यावर बदलले. आणि आज होते तसे करून ठेवायला आलो."

"म्हणजे तू पण," आत्या म्हणाली.

"मी पण."

"मग आता यातला मूळचा आत घेणाऱ्या बाजूचा कुठला?" वहिनीने विचारलं.

आत्याने इंजिनाकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. दोन जुळे व्हॉल्व्ह, खूण कशावरच नाही. तिच्या हाताखाली शिकलेल्या कितीतरी पोरापोरींना तिने एकाच गोष्टीवरून फैलावर घेतलं होतं, की फोटोवर डावं-उजवं लिहिल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, नाहीतर डाव्या पायाचा आजार उजव्याला चिकटेल. आणि तिनेच खूण न करता दोन्ही बाहेर काढले होते.

"खूण केली नाही," ती म्हणाली. पण लगेच मान ताठ केली. "तुम्हीही केली नाही."

दादा मात्र ऐकत नव्हता. तो बोटं मोजत होता. सर्व्हेअरचा मेंदू एकदा चालू झाला की त्याला स्वतःचं नुकसानही दिसत नाही. "खुणेची गरज नाही," तो म्हणाला. "बेबीने बदलले, उलटे झाले. हिने बदलले, सुलटे झाले. म्हणून अकराच राहिला. मी बदलले, परत उलटे झाले. म्हणजे तीनदा करून एकदाच झालं. आणि सुरुवातीला अकरा होता, आता चौदा आहे. म्हणजे आजार व्हॉल्व्हबरोबर गेला. म्हणजे चेन चांगली आहे. म्हणजे इंजिनाला काही झालेलं..."

इथे तो थांबला. आपण आपल्याच तोंडाने काय सिद्ध केलं ते त्याला कळलं होतं.

"बोल ना," आत्या म्हणाली. "इंजिनाला काय झालेलं?"

"नाही," दादा म्हणाला. "व्हॉल्व्हच खराब आहे."

आत्याला उड्या माराव्याशा वाटल्या. पण दादा खाली मान घालून बॉनेटची कड पुसत होता. "त्या दिवशी तुझा फोन लागत नव्हता," तो हळूच म्हणाला. "मी गॅलरीत उभा होतो. लाल गाडी आली की वाटायचं तू. तू नसायचीस. मला भीती वाटते, बेबी. त्यात विम्यातल्या गाड्या मी बघितल्यात, त्या आठवतात."

हा माणूस असं काही बोलेल असं तिला वाटलं नव्हतं. पण तेवढ्याने ती नमली असती तर ती आत्या कसली.

"मग वाटू दे की," ती म्हणाली. "भीती तुला वाटते आणि गाडी माझी काढतोस, हा कुठला न्याय? काळजी करायला किल्ली लागत नाही, दादा. गॅलरीत उभा राहा. मला बरं वाटतं कुणी उभं असलं की. पण किल्ली दे."

दादाने खिशातून किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो बायकोकडे वळला. "पण तुला बॉनेट कसं उघडायचं ते कुठून कळलं?"

"बॉनेटचं काय घेऊन बसलात," वहिनी म्हणाली. ती आता रडत नव्हती. "मला तिसरा गिअरसुद्धा टाकता येतो."

दादा बाजूच्या स्कूटरवर बसला.

दुकानं उघडताच आत्याने नवा व्हॉल्व्ह आणला. या वेळी वहिनीच्या नेलपॉलिशने खूण करून, दादाच्या देखरेखीखाली, सगळ्यांच्या साक्षीने बसवला. चक्कर झाली. दिवा विझला तो विझलाच. दातांचे डॉक्टर वेळेवर हजर झाले आणि दादाने त्यांना सांगितलं की गाडी विकायची नाही.

"का, काही दोष निघाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोष निघाला नाही, म्हणूनच," दादा म्हणाला, आणि डॉक्टर काही न समजून निघून गेले.

मग आत्याने सर्वांसमोर किल्ली वहिनीच्या हातात दिली. वहिनी उजवीकडच्या सीटवर बसली, सीट पुढे घेतली, आरसा नीट केला. दादा पार्किंगच्या दारात उभा राहिला, पोट आत घेऊन, जणू गाडीला तेवढी जागा जास्त मिळेल. गाडी सुरू झाली. इंजिन असं गुळगुळीत वाजत होतं की आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनीने रिव्हर्स टाकला, क्लच सोडला, गाडी शहाण्यासारखी मागे आली, वळली, आणि कर्रर्र असा आवाज झाला.

दादाच्या गाडीचा पुढचा कोपरा आत गेला होता.

दादा सावकाश चालत आला. जन्मभराच्या सवयीने वाकला. हम्म् केलं. आणि जन्मभराच्या सवयीनेच विचारलं, "चूक कुणाची?"

घरात हा प्रश्न रोजचा होता. दूध उतू गेलं, चष्मा सापडला नाही, जिन्यावरचा दिवा रात्रभर चालू राहिला, की दादा विचारायचा, आणि लग्न झाल्यापासून वहिनीचं उत्तर ठरलेलं असायचं. माझी. आत्या बाजूच्या सीटवर बसून तेच उत्तर आता ऐकायला मिळणार म्हणून मनात कळवळली.

वहिनीने काच खाली केली.

"तुमची," ती म्हणाली. "रेषेच्या बाहेर लावलीय."

दादाने खाली बघितलं. आणि पंचाईत अशी, की पुढचं चाक खरंच रेषेच्या बाहेर होतं.